डोळा बटणाचा नको, दोऱ्याचा हवा

नामकरणाचे किंवा पहिल्या वाढदिवसाचे आमंत्रण आले, की घरोघरी एकच प्रश्न पडतो. बाळाला काय न्यायचे? स्टीलची वाटी नेली तर तिच्यावर नाव घातले जाते आणि ती माळ्यावर जाते. प्लास्टिकची मोटार नेली तर आठ दिवसांत तिचे चाक निघते. पाकिटात शंभराची नोट घातली तर ती बाळाच्या हाती लागतच नाही. मी कारकून बाई. सारा दिवस आकड्यांत जातो. त्यामुळे महिनाअखेरीला आलेले आमंत्रण मनाला जितका आनंद देते, तितकाच हिशेबही करायला लावते. त्या हिशेबातूनच मी लहान मुलांसाठी हाताने शिवून वस्तू द्यायला लागले. आज त्याबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्यांतली एक माझ्या चुकीची आहे आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

आमचे धरणगाव कापसाच्या मुलखातले. माझी माय जिनमध्ये रोजंदारीने जायची. दिवसभर कापूस उपसायचा आणि संध्याकाळी केसांत, पापण्यांवर पांढरे तंतू घेऊन घरी यायचे. तिच्याजवळ नवे कापड घ्यायला पैसे नसत. पण गल्लीत कोणी बाळंतीण झाली, की जुन्या लुगड्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला पदर काढून ती झबले शिवायची, टोपडे शिवायची. उरलेल्या चिंध्यांची बाहुली व्हायची. मी एकदा विचारले, ‘माय, नवं का नाही देत?’ ती म्हणाली, ‘पोऱ्याले नवं नही, मऊ लागस.’

लहानपणी दुसऱ्यांच्या घरची उतरलेली कपडे-खेळणी आमच्याही वाट्याला आली. ती अंगणात उभे राहून घ्यावी लागत. मायची चिंध्यांची बाहुलीही जुन्याचीच होती, पण ती घेताना मान खाली जात नसे. दुसऱ्याने टाकलेले आणि आपल्या माणसाने जपून ठेवलेले यांतला फरक मुलांना लवकर कळतो. ‘हे माझ्यासाठी केले आहे,’ एवढेच त्या बाहुलीत होते, आणि तेवढे पुरे होते.

फेल्ट म्हणजे काय?

माय चिंध्या वापरायची, मी फेल्ट वापरते. स्टेशनरीच्या आणि शिवणसामानाच्या दुकानांत ‘फेल्ट शीट’ म्हणून रंगीत, वहीच्या पानाएवढे तुकडे मिळतात. मी जळगावला गेले म्हणजे घेऊन येते. पहिल्यांदा आणले तेव्हा शेजारच्या काकूंनी हातात घेऊन विचारले, ‘हे कापड आहे का पुठ्ठा?’ प्रश्न बरोबर होता. आपले सुती कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते. घोंगडीसुद्धा मागावर विणतात. फेल्ट विणतच नाहीत. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. लोकर गरम पाण्यात, साबण लावून रगडली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि तंतूंचा एक घट्ट थर तयार होतो. काश्मीरचा आणि राजस्थानातील टोंकचा नमदा असाच बनतो. आपल्याला बाजारात मिळते ते बहुतेक फेल्ट मात्र पॉलिएस्टरचे असते. त्याचे तंतू यंत्रातल्या काटेरी सुयांनी टोचून टोचून एकत्र गुंतवलेले असतात.

विणलेले नसल्यामुळे फेल्टची कड उसवत नाही. दुमडायला नको, तुरपाई नको. शिवणयंत्र नसलेल्या भगिनीलाही कात्री, सुई आणि दोरा एवढ्यावर काम करता येते. हा फेल्टचा मोठा गुण. पण त्याच गुणाला एक खोट चिकटलेली आहे, आणि ती मला फार उशिरा कळली.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी भाचीच्या मुलीसाठी मी एक ससा शिवला होता. पांढरे अंग, गुलाबी कान. डोळ्यांसाठी यजमानांच्या जुन्या शर्टाची दोन काळी बटणे लावली. कार्यक्रमात तो ससा या हातातून त्या हातात फिरला. सगळ्यांनी कौतुक केले. मीही फुलून गेले.

पंधरा दिवसांनी मी भाचीकडे गेले. मुलगी तेव्हा दहा महिन्यांची. आम्ही बोलत बसलो होतो आणि ती सशाचे तोंड चघळत होती. एकाएकी तिचा आवाज बंद झाला. तोंड उघडे, डोळे मोठे, पण रडू नाही, खोकला नाही. तिच्या आजीने घाबरून तोंडात बोट घातले. तेवढ्यात शेजारच्या अंगणवाडी सेविका धावत आल्या. त्यांनी आजीचा हात बाजूला केला, मुलीला आपल्या हातावर पालथे घेतले, डोके खाली केले आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात थापा मारल्या. तिसऱ्या की चौथ्या थापेला काळे बटण फरशीवर पडले. मग मुलगी रडली. तिच्या रडण्याने आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला.

घरी येऊन मी तो ससा दिव्याखाली धरून पाहिला. माझा दोरा तुटला नव्हता. गाठही सुटली नव्हती. बटणाच्या मागचे फेल्टच फाटून निघाले होते. उभे-आडवे धागे नसलेले ते अंग लाळेने भिजले, दातांनी ओढले गेले आणि दोऱ्यासकट बटण बाहेर आले. फेल्टची कड उसवत नाही, पण एका बिंदूवर ताण आला की ते तुटते. मी टाके मजबूत घातले होते. कापडाचा स्वभाव ओळखला नव्हता.

सेविकाताईंनी त्या दिवशी जे सांगितले ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे. बाळ जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल आणि बाळ वर्षाच्या आतले असेल, तर त्याला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून पाठीवर पाच थापा द्याव्यात. वस्तू निघाली नाही तर उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्यावा, आणि हे आलटून पालटून करीत राहावे. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ क्रमांकावर फोन करायला सांगावे.

मार्गारेटचा हत्ती

या प्रसंगानंतर मी सुई खालीच ठेवली होती. पण फेल्टच्या खेळण्यांचा इतिहास वाचताना एका बाईची हकीकत कळली आणि पुन्हा धीर आला.

जर्मनीत गींगेन नावाच्या लहान गावात १८४७ साली मार्गारेट श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. पाय कायमचे गेले, उजव्या हातातली ताकद कमी झाली. तरी ती शिवण शिकली. शिवणयंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवता येईना, म्हणून तिने यंत्रच उलटे फिरवून ठेवले आणि डाव्या हाताने ते चालवले. १८७७ मध्ये तिने फेल्टच्या कपड्यांचे दुकान काढले. पुढे टाचण्या टोचून ठेवायची गादी म्हणून तिने फेल्टचा एक छोटा हत्ती शिवला. गादी बायकांसाठी होती, पण हत्ती पळवला मुलांनी. १८८६ पर्यंत असे पाच हजारांहून अधिक हत्ती विकले गेले. १९०९ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या कारखान्याची खेळणी देशोदेशी जात होती.

चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या, एक हात अधू असलेल्या बाईला जे जमले, त्याची सुरुवात फेल्टच्या तुकड्यापासून झाली. मग एका चुकीने मी शिवणे का सोडावे? चूक सुधारावी. म्हणून मी वहीत नियम लिहिले, आणि आता त्यांच्याशिवाय कात्री उचलत नाही.

वय पाहून वस्तू

पहिला नियम असा, की फेल्ट प्रत्येक वयाला चालत नाही. एक वर्षापर्यंतचे मूल हाती येईल ते तोंडात घालते. त्याच्यासाठी मायची रीतच खरी: मऊ, जुने, स्वच्छ धुतलेले सुती कापड. फेल्टचे तंतू चघळून सुटतात, आणि हलक्या प्रतीच्या फेल्टचा रंगही जातो. या वयासाठी फेल्ट वापरायचेच असेल, तर बाळाच्या हाताला न लागेल असे भिंतीवर टांगण्याचे फूल किंवा पक्षी करावा. नवजात बाळाला वीतभर, फार तर फूटभर अंतरावरचेच नीट दिसते आणि काळे-पांढरे ठळक आकार लवकर कळतात. म्हणून आईने कडेवर घेऊन जवळून दाखवायला असे चित्र चांगले. पाळण्यावर लांब दोऱ्या लोंबकळत ठेवू नयेत. झोपलेल्या बाळाशेजारी, वर्षाच्या आत, कुठलेही भरलेले खेळणे, उशी किंवा जाड पांघरूण ठेवू नये. नाकातोंडावर आले तर त्याला बाजूला करता येत नाही.

एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी फेल्टचा हत्ती, मासा, चेंडू चालतो. पण सुटा भाग एकही नको. बटण नाही, मणी नाही, घुंगरू नाही, टिकली नाही, गोंदाने चिकटवलेले काही नाही. डोळा दोऱ्यानेच भरावा. खेळणी तपासणारे लोक ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असे धरतात. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे. म्हणजे नाण्याहून थोडी मोठी वस्तूही धोक्याचीच. माझे बटण तर नाण्याच्या निम्मेही नव्हते.

तीन वर्षांपुढच्या मुलांना बोटांवर घालायच्या बाहुल्या, फळे-भाज्या, आकडे, गोष्टीतले प्राणी असे काहीही द्या. बटण लावायचे-काढायचे शिकवणारा तुकडाही या वयात चालतो. मात्र घरात धाकटे भावंड असेल, तर नियम त्या धाकट्याच्या वयाचाच पाळावा.

हत्तीची कृती

साहित्य: करड्या किंवा निळ्या रंगाचे दोन फेल्ट तुकडे (जाडी एक ते दोन मिलिमीटर), त्याच रंगाचा आणि काळा भरतकामाचा दोरा, सुई, धारदार कात्री, आत भरण्यासाठी कृत्रिम कापूस. आपल्या जिनमधली रुई फुकट मिळाली तरी या कामाला ती मागे पडते. धुतल्यावर तिचे गोळे होतात आणि लवकर वाळत नाही. सरकी राहिली असेल तर किडेही धरतात. गादीला ती उत्तम, खेळण्याला नाही.

आधी रंग तपासावा. पांढरा रुमाल ओला करून फेल्टवर खसाखसा घासावा. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा मुलांच्या वस्तूला घेऊ नये.

कागदावर साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा हत्ती बाजूने काढावा. पाय जाड ठेवावेत, सोंड निदान दोन बोटे रुंद ठेवावी. अरुंद सोंडेत कापूस जात नाही आणि ताण आला की ती तिथेच फाटते. हा कागदी फर्मा फेल्टवर ठेवून अंगाचे दोन तुकडे कापावेत. कान चार कापावेत, म्हणजे दोन-दोन जोडून जाड कान होतो. शेपटी एक.

अंगाचे तुकडे जोडण्यापूर्वीच डोळे भरून घ्यावेत. काळ्या दोऱ्याने जवळजवळ टाके घालून मुगाच्या दाण्याएवढा डोळा भरावा. मागच्या बाजूने सुती कापडाचा छोटा तुकडा ठेवून त्याच्यासकट टाके घालावेत. विणलेले कापड ताण धरते, फेल्ट धरत नाही. हे त्या सशाने मला शिकवले. कानही असेच, मागे सुती तुकडा ठेवून, एका टोकाला नव्हे तर संपूर्ण कडेने शिवावेत.

आता दोन्ही अंगे एकावर एक ठेवून कडेने काजटाका घालावा. सहा पदरी दोऱ्याचे तीन पदर घ्यावेत. दोन टाक्यांत तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. टाका कडेच्या अगदी जवळ घेतला तर फेल्ट कापले जाते, म्हणून तेवढेच आत घ्यावे. शेपटीचे टोक निदान एक सेंटिमीटर आत घालून त्यावरून दोनदा शिवावे. पोटाशी दोन बोटे जातील एवढी जागा मोकळी ठेवून आधी सोंड आणि पाय पेन्सिलीच्या मागच्या टोकाने भरावेत, मग अंग. घट्ट भरावे, पण टाके ताणले जाणार नाहीत इतकेच. शेवटी तोंड शिवून गाठ आत ओढून घ्यावी.

हत्ती झाला की तो लगेच देऊ नये. कान धरून ओढावा, सोंड धरून ओढावी, शेपटीला धरून झटका द्यावा. आपले मन दुखेल इतक्या जोराने ओढावा. मूल त्याहून हळू ओढणार नाही. मग कोमट पाण्यात, हलक्या साबणाने एकदा धुऊन, न पिळता पंचात दाबून सावलीत वाळवावा. लोकरीचे फेल्ट असेल तर गरम पाणी नकोच, ते आटते. ठेवणीतल्या लोकरीच्या फेल्टला कसरही लागते.

हिशेबाची वही

माझ्या वहीत एका हत्तीचा खर्च असा पडतो: फेल्ट, दोरा आणि कापूस मिळून साठ-सत्तर रुपये. वेळ दोन संध्याकाळी. घरच्या नात्यात द्यायचा म्हणून वेळेचे पैसे मी मांडत नाही. पण बचत गटातल्या काही भगिनी अशा वस्तू विकण्याचा विचार करतात, त्यांना मी सांगते की पहिल्या रकान्यात तुमची मजुरी लिहा. कापडाला किंमत, दोऱ्याला किंमत, आणि बाईच्या दोन संध्याकाळी मात्र फुकट, हा हिशेब वाणिज्य शाखेत कुणी शिकवलेला नाही. तो घराघरांत शिकवला जातो आणि तो चुकीचा आहे.

विक्रीचा नियमही माहीत असावा. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी विकायच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागते. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या वस्तूंना सवलत दिलेली आहे. म्हणून दुकान मांडण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन नोंदणीची चौकशी करावी. नियम जाचक वाटला, तर त्या बटणाची आठवण ठेवावी.

एका घरापुरते नको

फेल्टचे तुकडे उरतातच. त्यांचे काय करायचे याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी दिले गेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गरिबांच्या, आदिवासींच्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. महागडी विदेशी साधने त्यांना परवडणारी नव्हती आणि तिथल्या मुलांना ती परकीही वाटली असती. त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, खडे घेतले आणि त्यांतून मोजणे, रंग, आकार शिकवले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज गावोगावी रुळला आहे, त्यामागे हे काम आहे.

आमच्या वस्तीतल्या आम्ही काही जणी रविवारी दुपारी समाजमंदिरात बसतो. उरलेल्या फेल्टची केळी, वांगी, मिरच्या, एक ते दहा आकडे आणि बोटांवरचे चिमणी-कावळे शिवून अंगणवाडीत देतो. एकदा एका शेतमजूर बाईने शिवलेले वांगे तिच्याच मुलाच्या हाती आले. तो ते सोडेचना. ताईंनी विचारले, ‘कुणाचे रे वांगे?’ तो म्हणाला, ‘मन्या मायनं!’ त्या बाईला अक्षरओळख बेताचीच आहे. पण त्या दिवसापासून ती अंगणवाडीच्या दारातून परत न फिरता आत येऊन बसते.

भाचीची ती मुलगी आता शाळेत जाते. सशाऐवजी मी तिला हत्ती शिवून दिला होता, भरलेल्या डोळ्यांचा. त्याचा एक कान चघळून चघळून मऊ झाला आहे, रंग उडाला आहे, पण डोळे जागेवर आहेत. कपाटाच्या काचेमागे तो कधीच बसला नाही, आणि मला त्याचेच समाधान आहे.

भगिनींनो, पुढच्या आमंत्रणाला जाण्यापूर्वी दोन संध्याकाळी काढून पाहा. पाहुणे काय म्हणतील याचा विचार करू नका. ती वस्तू पाहुण्यांसाठी नाही. ती ज्याच्यासाठी आहे, ते मूल ती आधी तोंडात घालणार आहे. तेवढे लक्षात ठेवून शिवा.